रात्रीच्या मुक्कामाचा प्रश्न

पावसाळा सुरू झाला, की शनिवारी सायंकाळी मुंबई, ठाणे व पुणे या शहरांतून निघालेल्या मोटारींची रांग कर्जत-खालापूरच्या दिशेने लागते, ही गोष्ट आता कोणास सांगावयास नको. परंतु गेल्या काही वर्षांत या रांगेचे स्वरूप पालटू लागले आहे. पूर्वीचा पाहुणा दिवसभर हिंडून सायंकाळच्या गाडीने परत फिरत असे; फार तर एखाद्या ओळखीच्या घरी पाठ टेकीत असे. आताचा प्रवासी आपले अंथरूण, आपली शेगडी आणि कित्येकदा आपले न्हाणीघरही गाडीत घालून आणतो. मोटारीच्या टपावर तंबू उभारता येतो, मागील बाक मोडून बिछाना करता येतो आणि ज्यांची ऐपत आहे त्यांना 'कॅराव्हॅन' नावाचे चाकांवरचे अख्खे घरच भाड्याने मिळते. घर बरोबर आले, तरी घराखालची जमीन काही बरोबर आणता येत नाही. रात्र पडली, की हे घर उभे कोठे करावयाचे हा प्रश्न या टापूतील कुंभिवलीसारख्या गावांच्या वेशीवर येऊन ठाकतो आणि त्याचे उत्तर ना प्रवाशाला ठाऊक असते, ना ग्रामपंचायतीला, ना रात्रीच्या गस्तीवरील हवालदाराला.

यावर एक सोपा तोडगा सुचविला जातो तो असा, की नगरपालिकांचे बगीचे, धरणांच्या काठची उद्याने आणि वनखात्याच्या मोकळ्या जागा रात्रीपुरत्या अशा गाड्यांना खुल्या कराव्यात. परदेशी असेच चालते, असा दाखलाही सोबत जोडला जातो. आम्हांला हा तोडगा मान्य नाही, हे आरंभीच स्पष्ट सांगितलेले बरे. आपल्याकडे गावागणिक बगीचे नाहीत. जे आहेत ते पोराबाळांच्या खेळण्यासाठी आणि वृद्धांच्या दोन घटका विसाव्यासाठी कसेबसे राखलेले असतात. रात्री त्यांचे फाटक बंद होते यात कोणाचा हेकटपणा नाही. त्या फाटकातून दहा गाड्या आत गेल्या, की सकाळी तेथे हिरवळ राहणार नाही, उरेल तो चाकांचा राडा आणि उष्ट्या पत्रावळी. परदेशाचा दाखलाही अर्धवटच दिला जातो. अमेरिकेत राहणाऱ्या आमच्या मराठी कुटुंबांना विचारून पाहावे: तेथील राष्ट्रीय उद्यानांत मन मानेल तेथे गाडी लावून झोपता येत नाही. त्यासाठी आखून दिलेले तळ आहेत, गर्दीच्या दिवसांत त्यांची जागा कित्येक महिने आधी राखून ठेवावी लागते आणि आखलेल्या तळाबाहेर मुक्काम केल्यास दंड भरावा लागतो.

धरणांच्या व नद्यांच्या काठांविषयी तर बोलावयासच नको. या प्रदेशातील पाणी शहरी माणसाला वाटते तितके शहाणे नाही. उल्हास नदी किती वेगाने चढते हे २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीच्या दरम्यान पुराच्या पाण्यात अडकून पडलेल्या महालक्ष्मी एक्स्प्रेसच्या उतारूंनी अनुभवले आहे. पाताळगंगेला केवळ आभाळाचेच पाणी येते असेही नाही. घाटमाथ्यावरील धरणांचे पाणी खोपोलीच्या वीजकेंद्रातून खाली उतरते, तेही तिलाच मिळते. भिवपुरीच्या वीजकेंद्राखालील पेज नदीची गोष्ट तीच. पात्राकाठची सपाट, वाळूची जागा दिवसा मोठी रम्य दिसते. रात्री दोन वाजता तेथे पाणी आले, तर बंद काचांच्या आत निजलेल्या कुटुंबाला ते चाकांखाली आल्यावरच कळेल. सोलनपाडा, झेनिथ, आषाणे या ठिकाणी पावसाळ्यात जिल्हा प्रशासनाला मनाई हुकूम काढावे लागतात ते काही हौसेने नव्हे. डोंगराची बाजू घ्यावी, तर तीही विश्वासाची नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री याच खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडी दरडीखाली गेली. सत्तावीस मृतदेह हाती लागले आणि सत्तावन्न माणसे सापडलीच नाहीत. पिढ्यान् पिढ्या डोंगर ओळखणाऱ्या ठाकरांना जी खूण कळली नाही, ती एका रात्रीपुरता आलेल्या प्रवाशाला कळेल असे कोणी समजू नये.

मग बंदी घालावी काय? पुष्कळांना तोच मार्ग सोयीचा वाटतो, कारण बंदीचा फलक लावण्यास खर्च कमी येतो. परंतु केवळ बंदीने माणूस नाहीसा होत नाही, तो फलकापासून अर्ध्या मैलावर जाऊन थांबतो. मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे. सार्वजनिक जागी दहा तास वा अधिक काळ बेवारस ठेवलेली गाडी उचलून नेण्याचा अधिकार त्याच्या १२७ व्या कलमाने पोलिसांना दिला आहे. पण ज्या गाडीत चार माणसे पांघरूण घेऊन निजली आहेत तिला बेवारस कसे म्हणावयाचे? अशा वेळी सारा मामला हवालदाराच्या मर्जीवर जातो, आणि मर्जी ही माणसाचे कपडे व गाडीची किंमत पाहून बदलते हे सांगण्यास आम्हांला संकोच वाटत नाही. लाखो रुपयांच्या गाडीला सलाम मिळतो. मालमोटारीच्या क्लीनरला मात्र दंडुका मिळतो.

मालमोटारीचा उल्लेख आला म्हणून सांगतो. रस्त्याच्या कडेला गाडीत झोपणारा मनुष्य ही कॅराव्हॅनने आणलेली नवलाई नाही. मुंबई-पुणे रस्त्यावर, घाट चढण्याच्या आधी वा उतरल्यानंतर, ट्रकचे ड्रायव्हर वर्षानुवर्षे असेच झोपत आले आहेत. कोणी केबिनमध्ये, कोणी टपावर, कोणी ट्रकखाली सावलीला. नव्वदांहून अधिक किलोमीटरचा द्रुतगती मार्ग २००२ साली पुरा झाला. त्यावर वाटेत थांबणे गुन्हा ठरले, तेव्हा झोप अनावर झालेला ड्रायव्हर जुन्या रस्त्याला वळतो आणि अंधारात कडेला उभा राहतो. मागून येणाऱ्या वाहनाची अशा उभ्या ट्रकवर धडक बसल्याची बातमी आमच्या वाचकांनी कितीदा वाचली असेल! सहलीला निघालेल्या सुखवस्तू कुटुंबाला रात्रीची जागा मिळावी म्हणून धोरणे आखली जातात, आणि त्यांच्या ताटातील भाजी वाहून आणणाऱ्याला ती मिळावी असे कोणाच्या मनातही येत नाही, हे आम्हांला खटकते.

वास्तविक वाटसरूच्या मुक्कामाचा विचार आपल्या लोकांना अपरिचित नाही. बोरघाटाच्या पायथ्याशी खोपोलीस नाना फडणिसांनी तलाव आणि वीरेश्वराचे देऊळ बांधविले. घाट चढण्यापूर्वी माणसाला पाणी व सावली लागते एवढे त्या मुत्सद्द्याला कळत होते. १८३० साली घाटातून गाडीरस्ता झाला. १८५६ साली आगगाडी खोपोलीपर्यंत आली आणि १८६३ मध्ये लोहमार्ग घाट चढून जाईपर्यंत उतारूंना खोपोलीस उतरून पालखीने, डोलीने वा बैलगाडीने वर जावे लागे. त्या काळी खोपोली हा पडावच होता. बैलगाड्या सोडावयाच्या, बैलांना वैरण टाकावयाची आणि चूल पेटवावयाची, यासाठी मोठ्या गावांच्या वेशीवर गाडीतळ असत; कित्येक शहरांत ते नाव आजही टिकून आहे. पंढरीच्या वाटेवरील गावे तर एका रात्रीसाठी लाखोंचा मुक्काम सोसतात. पालखीतळ ठरलेला असतो, पाण्याचे टँकर कोठे उभे राहतील हे ठरलेले असते आणि निर्मल वारीच्या उपक्रमापासून फिरती शौचालयेही येऊ लागली आहेत. गाव तो भार उचलते, कारण तो केव्हा येणार व केव्हा जाणार हे त्याला ठाऊक असते.

महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. फिरत्या घरांसाठी तळ उभारावेत, उद्योजकांना सवलती द्याव्यात असे त्यात म्हटले आहे. हेतू वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु भांडवल घालणारा माणूस गृहीत धरून लिहिलेल्या धोरणातून बंगलेवजा सोयींचे, तारांकित दरांचे तळ निघतील. दोन मुलांना व म्हाताऱ्या आईला घेऊन जुन्या मोटारीतून निघालेल्या कारकुनाला वा शिक्षकाला तेथे थारा मिळणार नाही. तो पुन्हा ओढ्याकाठीच जाईल.

म्हणून आमची सूचना अशी, की कर्जत व खालापूर तालुक्यांत, मोठ्या रस्त्यांपासून फार दूर नसलेल्या, पूररेषेच्या बाहेरील आणि दरडीच्या भयापासून मुक्त अशा जागी ग्रामपंचायतींनी चालविलेले साधे गाडीतळ व्हावेत. ही कल्पना आमची नवी नाही. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमानेच पंचायतीला गाडीतळावर फी बसविण्याचा अधिकार दिलेला आहे. तेव्हा तो बैलगाड्यांना व टांग्यांना उद्देशून होता इतकेच. मुरूम घातलेले सपाट मैदान, दिवे, नळ, स्त्री-पुरुषांसाठी स्वतंत्र शौचालये, गाडीतील मैला रिता करण्यासाठी झाकलेली टाकी आणि रात्रभर जागा राहणारा एक पहारेकरी, एवढ्यावर भागेल. पहारेकरी गावचा असावा, आणि शौचालये व न्याहारी यांचे काम गावातील बचत गटाकडे जावे. मुक्काम एका रात्रीचा, फार तर दोन रात्रींचा. आमच्याकडे ओसरी मिळाली की पाय पसरण्याची चाल जुनी आहे, म्हणून ही मर्यादा पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहावी. हवामान खात्याने अतिवृष्टीचा लाल इशारा दिला, की तळ बंद. आणि ट्रकचालकाला तेथे मज्जाव नसावा. त्याच्यासाठी वेगळी बाजू आखावी.

गावाच्या बाजूने आक्षेप येतील, आणि ते वाजवी असतील. पहिला पाण्याचा. कर्जत तालुक्यातील कित्येक आदिवासी वाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. तेथे शहराच्या गाडीने टाकी भरून घ्यावी, हे कोणाला रुचेल? तेव्हा मार्च ते मे या महिन्यांत तळावर पाणी भरून मिळणार नाही, ज्याने त्याने घरून आणावे, असा नियम करण्यास हरकत नाही. दुसरा आक्षेप जमिनीचा. या भागात शेतघरांच्या नावाने किती जमीन शहराच्या हाती गेली हे सर्वांना दिसते आहे, आणि तळाच्या मिषाने गायरानही जाईल अशी धास्ती ग्रामस्थांना वाटली तर त्यांना दोष देता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली जगपालसिंग खटल्यात गावांच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे दूर करण्यास सर्व राज्यांना बजावले होते. जागा गावाच्याच नावावर राहावी, ठेका कोणा बाहेरच्याला देऊ नये आणि ग्रामसभेने नको म्हटले तर तळ होऊ नये. आमच्या मते हा शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे.

न्यूझीलंड या छोट्या देशाने २०११ साली अशा मोकळ्या मुक्कामासाठी स्वतंत्र कायदा केला. कोठे मुभा द्यावी व कोठे नाकारावी हे ठरविण्याचा अधिकार स्थानिक संस्थांना दिला, आणि घाणीच्या तक्रारी थांबेनात तेव्हा २०२३ मध्ये गाडीत पक्के बसविलेले शौचकूप असल्याची अट कडक केली. फ्रान्समधील कित्येक लहान नगरपालिका गावाच्या कडेला असे तळ राखतात व तेथे पाणी भरण्याची आणि मैला टाकण्याची सोय करतात. पाहुणा तेथे पाव व भाजी विकत घेतो, हा गावाचा फायदा.

आमच्या शहरवासीयांना नियम पाळता येत नाहीत, अशी एक समजूत आहे. ती सर्वस्वी खरी नाही. माथेरानला खासगी मोटार दस्तुरी नाक्यापलीकडे जात नाही आणि मोठमोठ्या गाड्यांचे मालक तेथे मुकाट्याने उतरून पुढे पायी वा घोड्यावरून जातात. रेघ स्पष्ट आहे, गाडी ठेवावयाला जागा आहे, म्हणून हे जमते. कुंभिवलीच्या वा अन्य कोणत्याही गावाच्या वेशीवर अशी रेघही नाही आणि जागाही नाही. रायगडच्या जिल्हाधिकाऱ्यांनी येत्या पावसाळ्यापूर्वी दोन्ही तालुक्यांतील सरपंच, पोलीस, वनखाते व पर्यटन संचालनालय यांना एकत्र बोलवावे, निदान चार जागा नकाशावर निश्चित कराव्यात आणि पुढच्या मनाई हुकुमाबरोबरच त्या चार जागांची नावेही प्रसिद्ध करावीत.