बायपासनंतरची ती छोटी गोळी

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून बायपास झाले, माणूस चालत घरी आला, की वस्तीला हायसे वाटते. आमची काळजी तेव्हा सुरू होते. डिस्चार्ज कार्डावर ‘अ‍ॅस्पिरिन ७५’ इंग्रजीत लिहिलेले असते. ती गोळी कशासाठी, किती दिवस, हे घरात कुणालाच सांगितलेले नसते. मग दोन-तीन महिन्यांनी ‘आता बरं वाटतंय’ म्हणून ती बंद होते.

या गोळीने रक्त पाण्यासारखे पातळ होत नाही. डेंग्यूमुळे प्लेटलेट आपल्याला माहीत झाल्या. त्या एकमेकींना चिकटल्या की गुठळी होते. अ‍ॅस्पिरिन त्यांना चिकटू देत नाही. बायपासमध्ये बहुतेक वेळा पायाची शीर काढून हृदयाला जोडतात. ही जोडलेली शीर गुठळीने बंद पडू शकते, आणि पहिल्या वर्षात हा धोका मोठा असतो. १७ देशांतल्या सुमारे ५ हजार रुग्णांची पाहणी २००२ साली प्रसिद्ध झाली. बायपासनंतर ४८ तासांच्या आत अ‍ॅस्पिरिन मिळालेल्यांत मृत्यू १.३ टक्के होते, न मिळालेल्यांत ४ टक्के. सगळा फरक गोळीचाच असेल असे नाही, पण तेव्हापासून ती लवकर सुरू करण्यावर डॉक्टरांचा भर आहे. सहसा ती जन्मभर घ्यायची असते.

ऑपरेशनच्या आधी गोंधळ वेगळाच. ‘रक्त फार जाईल, गोळ्या बंद कर,’ असे शेजारीपाजारी सांगतात. पुष्कळ सर्जन कमी डोसचे अ‍ॅस्पिरिन ऑपरेशनपर्यंत चालू ठेवतात. क्लोपिडोग्रेल मात्र साधारण ५ दिवस आधी थांबवतात. आपल्याकडे ही दोन्ही औषधे एकाच गोळीत मिळतात! ती थांबवली की दोन्ही थांबली. म्हणून पाकीटच घेऊन जा आणि विचारा: यातले काय थांबवायचे, कोणत्या तारखेपासून, आणि त्याच्या जागी काय?

गुडघे दुखले की मेडिकलमधून कॉम्बिफ्लॅम आणायची आपली सवय. तिच्यातले आयबुप्रोफेन अ‍ॅस्पिरिनचे काम अडवते, शिवाय पोटात रक्तस्राव होण्याची भीती वाढवते. डिस्प्रिन म्हणजे तर अ‍ॅस्पिरिनच, तेही मोठ्या डोसचे. दात काढायचा असेल तरी दातांच्या डॉक्टरांना आधी सांगा, गोळी आपणहून थांबवू नका. शौचाला डांबरासारखे काळे झाले किंवा उलटीत रक्त दिसले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

वॉर्डात एका सिस्टरवर किती खाटा असतात ते आम्ही जाणतो, नोकरी तिथेच केली. तरीही आमचे म्हणणे आहे की डिस्चार्जच्या वेळी गोळीचे नाव, वेळ आणि ‘विचारल्याशिवाय बंद करू नये’ हे मराठीत लिहून मिळालेच पाहिजे. नाही दिले तर कार्ड परत पुढे करा आणि लिहून मागा. लाजू नका, घाईही करू नका, रिक्षा थांबेल.