भुतांच्या गोष्टी मुलांना सांगाव्यात का?



ऑक्टोबर लागला की आमच्या वस्तीत घरोघरी कोरलेले भोपळे दिसू लागतात. कुणाच्या झाडाला प्लास्टिकचे सांगाडे, कुणाच्या हिरवळीवर पुठ्ठ्याची थडगी. गेल्या वर्षी हे सगळे बघत गाडीतून येत असताना मागच्या सीटवरून धाकटीने विचारले, "बाबा, आपल्याकडे भुतं नसतात का?" आम्ही सवयीने उत्तर दिले, "भुतंबितं काही नसतं, बाळा." त्यावर ती म्हणाली, "ते मला माहितेय. इथली पण खरी नसतात. पण इथे व्हॅम्पायर आहे, विच आहे. मग आपली कोणती?"

प्रश्न बिनतोड होता. वर्ग सुटेपर्यंत आपण पालक मंडळी चहाचे पेले घेऊन उभे असतो, तिथे आम्ही तो मांडला. लगेच दोन तट पडले. काहींचे म्हणणे, मुले रात्री घाबरतील. काहींचे म्हणणे, ही जळमटे मागे टाकून आपण इतक्या लांब आलो, ती पुन्हा मुलांच्या डोक्यात कशाला? आम्ही स्वतः इंजिनिअरिंग शिकलेले, पोट संगणकावर. भुतांवर आमचा काडीचाही विश्वास नाही. तरीही आमचे मत असे झाले आहे की भुतांच्या गोष्टी मुलांना जरूर सांगाव्यात, आणि त्यांच्याबरोबर आपल्याकडे माणूस गेल्यावर काय काय करतात तेही सांगावे. का, ते इथे लिहितो.

मुलांनो, आधी तुमच्यासाठी आपली यादी. मुंजा म्हणजे मुंज झालेला पण लग्नाआधीच वारलेला मुलगा. तो पिंपळावर राहतो. हडळ म्हणजे बाळंतपणात गेलेली बाई. तिची पावले उलटी. समंध म्हणजे ज्याच्यामागे पिंडपाणी करणारे कुणी उरले नाही, किंवा ज्याचा जीव पैशाअडक्यात अडकून राहिला तो. चकवा रात्री वाटसरूला एकाच जागी गोल गोल फिरवतो. आणि या सगळ्यांचा राजा वेताळ. पण वेताळ निव्वळ भीतिदायक नाही हं! सिंधुदुर्ग जिल्ह्यात वेंगुर्ले तालुक्यात आरवली गावी त्याचे मोठे देऊळ आहे. तिथे त्याला वेतोबा म्हणतात. तो रात्री गावाची राखण करत फिरतो, चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून भाविक त्याला चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात. भुतांच्या राजाला रात्रपाळीचा पहारेकरी करून वर त्याच्या पायांची काळजी करणारी माणसे आम्हाला तरी भारी आवडतात.

आता पालकांनी ही यादी पुन्हा एकदा वाचावी. ही राक्षसांची यादी नाही. अकाली गेलेला मुलगा, बाळंतीण, निपुत्रिक म्हातारा. ज्यांचे जाणे गावाच्या मनाला लागून राहिले, ज्यांचे देणे फिटले नाही, अशा माणसांची ही यादी आहे. आमच्या धंद्यातले उदाहरण देतो. युनिक्समध्ये एखादी प्रोसेस काम संपवून मरते, पण तिला जन्म देणारी प्रोसेस तिचा शेवटचा निरोप वाचून घेत नाही. मग मेलेलीचे नाव यादीत तसेच राहते. तिला चक्क झॉम्बी म्हणतात. ती काही करत नाही, नुसती जागा अडवून बसते. तिला मारून टाकता येत नाही, कारण ती मेलेलीच असते. कुणीतरी तिचा निरोप वाचला की मगच ती सुटते. आमच्या मते मराठी भुताची यापेक्षा चांगली व्याख्या करता येणार नाही.

हडळीचेच बघा. पूर्वी बाळंतपणात बाया किती जात असतील याचा हिशोब कुणी ठेवला नाही, पण जवळजवळ प्रत्येक गावाने एखादी हडळ ठेवली. तिला घाबरून लोकांनी ती वाट टाळली. एका मुलीने मात्र वाट टाळली नाही. आनंदीबाई जोशी यांचा जन्म १८६५ मध्ये कल्याणचा. चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. बायकांवर उपचार करणारी बाई डॉक्टर हवी, या ध्यासाने त्या १८८३ मध्ये अमेरिकेत आल्या. न्यू जर्सीत रोझेल गावी कार्पेंटर कुटुंबाने त्यांना घरच्यासारखे ठेवून घेतले. १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून त्या डॉक्टर झाल्या. प्रबंधाचा विषय होता हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. हडळीचा निरोप कुणी नीट वाचला असेल तर तो आनंदीबाईंनी, असे आम्हाला वाटते.

फेब्रुवारी १८८७ मध्ये, वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नसताना, त्या पुण्यात क्षयाने गेल्या. त्यांच्या पतीने, गोपाळरावांनी, त्यांच्या अस्थी मिसेस कार्पेंटर यांच्याकडे पाठवल्या, आणि त्या बाईंनी न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी गावी, आपल्या घराण्याच्या दफनभूमीतल्या जागेत त्या ठेवल्या. तिथे आजही आनंदीबाईंच्या नावाचा दगड उभा आहे. पूर्वेकडे राहणाऱ्यांनी मुलांना घेऊन एकदा अवश्य जावे. आपण समजतो की या देशाच्या मातीत आपले कुणी नाही. तसे नाही. आपल्या आधी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एक मराठी मुलगी इथे विसावली, आणि तिला जागा दिली ती एका ख्रिस्ती घराने.

यावर कुणी म्हणेल, गोष्टी ठीक आहेत, पण अंधश्रद्धेचे काय? हा आक्षेप आम्ही हलक्याने घेत नाही. भुताच्या नावाखाली माणसांना साखळदंडाने बांधले आहे, मिरच्यांची धुरी दिली आहे, बायकांना चेटकीण ठरवून मारले आहे. याविरुद्ध डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली आणि कायदा व्हावा म्हणून वर्षानुवर्षे खटपट केली. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात सकाळी फिरायला गेले असताना त्यांचा खून झाला, आणि त्यानंतर त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. मुलांना मुंजाची गोष्ट सांगाल त्याच बैठकीत हीदेखील सांगा. गोष्टीतले भूत कुणाला मारत नाही, भूत उतरवणारा मारतो, हा फरक दहा वर्षांच्या मुलाला सहज कळतो. भित्यापाठी ब्रह्मराक्षस लागतो. ज्याला गोष्ट ठाऊक असते तो भोंदूला भीत नाही.

आता अंत्यविधींविषयी. हे तर आपण मुलांपासून अगदीच लपवतो. वर्गातल्या एका मुलाने सांगितले, "हिंदू जाळतात, अमेरिकन पुरतात." दोन्ही अर्धवट. आपल्याकडे लहान बाळांना पुरतात, संन्याशांना समाधी देतात, लिंगायत समाजात बसवून दफन करतात. ज्ञानेश्वरांनी १२९६ मध्ये आळंदीला समाधी घेतली. आणि इथे अमेरिकेत २०१५ च्या सुमारास दहनाचे प्रमाण दफनाहून जास्त झाले.

याहून जुनी गोष्ट पुणे जिल्ह्यातली आहे. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. तिथे डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ पासून पंधरा वर्षे उत्खनन केले. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचे शेतकऱ्यांचे गाव सापडले. ती माणसे आपले मृत घराच्या जमिनीखालीच पुरत. लहान बाळाला दोन रांजणांत, तोंडाला तोंड लावून. मोठ्या माणसाला आडवे निजवून, सोबत भांडी ठेवून. आणि मोठ्यांची पावले घोट्यापासून तोडलेली! मेलेल्याने भूत होऊन हिंडू नये म्हणून ती तोडली असावीत, असा संशोधकांचा तर्क आहे. आम्ही हे प्रथम वाचले तेव्हा अंगावर काटा आला. पण नंतर वाटले, ज्याची इतकी भीती, त्याला गावाबाहेर टाकून का नाही दिले? घरातच का ठेवले? भीतीही होती आणि सोडवतही नव्हते. आपले मूळ तिथले आहे.

तीन वर्षांपूर्वी आमचे वडील गेले. विमान मिळून पोचेपर्यंत अग्नी दिला गेला होता. सुट्टी संपली म्हणून दहाव्याच्या आधीच परतावे लागले. दहावा आम्ही इथल्या स्वयंपाकघरात रात्री जागून फोनवर पाहिला. घाटावर पिंड ठेवला होता. कावळे समोरच्या झाडावर होते, पण एकही खाली येईना. मग रीत असते त्याप्रमाणे एकेक जण पुढे होऊन मोठ्याने बोलू लागला. काका म्हणाले, "दादा, शेताचा वाद मी मिटवतो." आत्या म्हणाली, "वहिनीची काळजी करू नकोस." तरी कावळा शिवेना. शेवटी काकांनी फोन पिंडाजवळ नेला आणि म्हणाले, "आता तू बोल." आम्ही म्हणालो, "बाबा, आईला एकटं ठेवणार नाही."

कावळा आलाच नाही. गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला, त्याचीही सोय शास्त्रात आहे. आम्ही फोन बंद केला. आई अजून त्या घरात एकटीच आहे. ते वाक्य आमच्या मानगुटीवर बसले आहे, आणि त्याला उतरवणारा मांत्रिक कुठेही मिळणार नाही.

कावळ्याला काही कळत नाही, हे आम्हाला पक्के ठाऊक आहे. पण त्या दिवशी तीन माणसांना चारचौघांत आपले देणे कबूल करावे लागले. त्या घाटावर रीत नसती तर आम्ही तरी ते कुठे बोललो असतो? त्या रात्री मुलांना झोपवून ठेवले, याचाच आज जास्त पस्तावा होतो. पुढे तीच मुले आपल्यामागे काय करायचे ते ठरवणार आहेत, आणि त्यांनी यातले काही पाहिलेलेच नाही.

म्हणून एक सूचना. पितृपंधरवडा हॅलोविनच्या थोडा आधीच येतो. शेजारचे मेक्सिकन कुटुंब नोव्हेंबरच्या सुरुवातीला झेंडूच्या फुलांत आपल्या आजी-आजोबांचे फोटो मांडते, मुलांना त्यांच्या गोष्टी सांगते. झेंडू मूळचा त्यांच्याच देशातला, आपण तो दसऱ्याला वापरतो. मग थोडी रीतही घ्यायला हरकत काय? सर्वपित्री अमावास्येच्या आसपासच्या वर्गाला प्रत्येक मुलाने घरातल्या एका गेलेल्या माणसाचे नाव आणि त्याची एक गोष्ट मराठीत लिहून आणावी, पाच ओळी पुरेत. सोबत आपल्या आवडत्या भुताचे चित्र. त्यांचा एक अंक काढू, झेरॉक्सचे काम आम्ही करू.

धाकटीने तिचे भूत निवडले आहे. तिला वेतोबा व्हायचे आहे, आणि बाबांच्या कोल्हापुरी चपला घालून ती दारोदार जाणार आहे. आम्ही आईसाठी तिकीट पाहतो आहोत. ती यायला राजी होत नसेल, तर आमचेच.

कळावे, लोभ असावा.

— एक पालक