ज्याचे त्याने पाहावे?

सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवा, टर्म विमा घ्या, आरोग्यविमा काढा. मग नोकरी जावो की दुखणे येवो, तुमचे घर हलणार नाही. हा सल्ला आज बँकेतल्या काउंटरपासून वर्तमानपत्राच्या अर्थविषयक पानापर्यंत सगळीकडे मिळतो. सल्ला वाईट नाही. ज्याला जमते त्याने हे सारे जरूर करावे. आक्षेप आहे तो त्यामागच्या गृहीतकाला. आजारपण, बाळंतपण, बेकारी, म्हातारपण ही ज्याची त्याची खासगी प्रकरणे, आणि ज्याने त्यांची तजवीज केली नाही तो बेजबाबदार, असे हे गृहीतक आहे. ते चूक आहे, आणि महाराष्ट्रातल्या हमालांनी ते अर्ध्या शतकापूर्वीच खोडून काढले आहे.

आधी विम्याचेच पाहू. कंपनीने काढलेला गटविमा नोकरीबरोबर संपतो. म्हणजे पंचेचाळिशीत नोकरी गेली की पगार आणि इस्पितळाचे कवच एकाच दिवशी जाते. तो विमा वैयक्तिक करून घेता येतो, पण मग हप्ता स्वतःच्या खिशातून भरायचा, तोही आवक थांबलेली असताना. बाहेर नवा विमा घ्यावा तर आधीपासूनच्या मधुमेहासाठी तीन वर्षांपर्यंत थांबायला लावण्याची मुभा विमा कंपनीला आहे. हे सगळे निभावले तरी आरोग्यविमा भरतो ते इस्पितळाचे बिल. पाय प्लास्टरमध्ये असताना बुडालेली दोन महिन्यांची मजुरी, घरभाडे, मुलांची फी यांतले काहीही तो भरत नाही. हातावर पोट असलेल्या माणसाला बिलाइतकीच धास्ती या बुडालेल्या दिवसांची असते. त्याला बचत करायला सांगणाऱ्यांनी आधी त्याच्याकडे शिल्लक किती राहते ते विचारावे.

आता हमालांकडे वळू. पूर्वी मुंबईच्या दाणाबंदर, मशीद बंदर, लोखंड बाजार या भागांत पाठीवर माल वाहणारा माणूस दिवसभरात चार व्यापाऱ्यांचा माल उतरवायचा, आणि चौघेही म्हणायचे, हा माझा कामगार नाही. पोते उचलण्याची एक रीत असते. दोघे दोन्ही बाजूंनी पोत्याचे कान धरतात, तिसरा वाकून पाठ देतो, भार पाठीवर नीट बसला की गुडघ्यांवर जोर देऊन उठतो आणि फळीवरून चालू लागतो. त्या काळी पोते शंभर किलोचे असे. मणका सरकला की दुसऱ्या दिवशी त्या जागी दुसरा उभा राही, आणि पहिला गावी परते. त्याच्या दुखण्याचा खर्च मग कोण करी? शेतावर मोलाने जाणारी बायको, शाळा सोडलेला मुलगा आणि वाट्याची जमीन गहाण टाकणारा भाऊ. खर्च टळत नव्हताच. तो व्यापाऱ्याच्या वहीत दिसत नव्हता, एवढेच.

पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळे गावचे अण्णासाहेब पाटील यांनी या माणसांची संघटना बांधली, आणि त्या लढ्यातून 1969 चा महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा आला. त्याची रचना मुद्दाम समजून घ्यावी अशी आहे. मालक, कामगार आणि सरकार या तिघांचे प्रतिनिधी असलेले मंडळ. व्यापाऱ्याने मंडळात नोंदणी करायची, हमालानेही करायची. टोळीने काम केले की व्यापारी मजुरी मंडळात भरतो, आणि मजुरीच्या ठरावीक टक्के रक्कम लेव्ही म्हणून वर भरतो. मजुरी मंडळाकडून कामगाराला मिळते. लेव्हीतून त्याचा भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, भरपगारी सुट्ट्या, औषधोपचार. सकाळी एका गाळ्यावर आणि दुपारी दुसऱ्या गाळ्यावर काम केले तरी खाते एकच. घाऊक बाजार मुंबईतून उठून वाशी-तुर्भ्याला गेले तेव्हा बाजार हलला म्हणून हे संरक्षण मागे राहिले नाही. ते कोणा एका मालकाला बांधलेले नव्हते, कामाला जोडलेले होते.

यावर पहिला आक्षेप येतो तो खंडणीचा. माथाडीच्या नावाखाली टोळ्या कारखान्यांच्या दारात उभ्या राहतात, हात न लावलेल्या मालाचेही पैसे मागतात. हे घडते, आणि त्याचा सर्वांत जास्त राग खऱ्या माथाडीला येतो. पण रोकड हातोहात फिरते, नोंद कुठेच नसते, तिथेच खंडणी पोसली जाते. मजुरी मंडळातून जाणे, नोंदीत नाव असणे हाच तिच्यावरचा इलाज आहे. खंडणीखोरांना पोलिसांनी पकडावे; त्यांच्यासाठी कायदा मोडीत काढणे म्हणजे चोराला सोडून घरमालकाला घराबाहेर काढणे.

दुसरा आक्षेप, लेव्हीने धंद्यावर बोजा पडतो. बोजा आहेच. तो कुठे ठेवायचा, इतकाच प्रश्न आहे. इथे बाळंतपणाच्या रजेचे उदाहरण डोळे उघडणारे आहे. 2017 मध्ये भरपगारी रजा 26 आठवड्यांची झाली, फार चांगले झाले. पण ज्या आस्थापनांना कर्मचारी राज्य विमा योजना (ईएसआय) लागू नाही तिथे हा सगळा पगार एकट्या मालकाने द्यायचा. मग लग्नाच्या वयाच्या मुलीला मुलाखतीत नको ते प्रश्न विचारले जातात, आणि नेमणूक दुसऱ्याची होते. राज्य विमा योजनेत मात्र तीच रक्कम सामाईक निधीतून येते. मालक वेतनाच्या सव्वातीन टक्के आणि कामगार पाऊण टक्का भरतो, मग ती स्त्री असो की पुरुष. बाई नेमली म्हणून मालकाचा खर्च वाढत नाही. त्याच निधीतून आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत 70 टक्के वेतन मिळते. बुडालेल्या दिवसांची भरपाई खऱ्या अर्थाने करणारी योजना ही. तिचा दोष तिच्या वेतनमर्यादेत आहे. 2017 पासून ती 21,000 रुपयांवर अडकली. पगार त्या रेषेपलीकडे गेला की चालू अंशदान कालावधी संपताच माणूस योजनेबाहेर. बढतीने आजारपणातला आधार जावा, हे कोणत्या न्यायात बसते?

पुण्यात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने अशा भरपाईच्याही एक पाऊल पुढे जाऊन 1974 मध्ये ‘कष्टाची भाकर’ ही जेवणाची सोय सुरू केली. स्वस्त आणि पोटभर जेवण हीसुद्धा आरोग्याची तजवीज आहे, हे अर्थविषयक पानांवर फारसे वाचायला मिळत नाही.

तिसरा आक्षेप नवा आहे. आजच्या पोरांना बांधिलकी नको, हवे तेव्हा काम हवे, म्हणून जुने कामगार कायदे त्यांना लागू पडत नाहीत. पाठीला चौकोनी पिशवी लावून दुचाकीवर जेवण पोचवणारा मुलगा सकाळी एका ॲपचे काम करतो, रात्री दुसऱ्याचे, आणि दोन्ही कंपन्या म्हणतात, तो आमचा कामगार नाही, भागीदार आहे. दाणाबंदरातले चार व्यापारी हेच म्हणत होते. उत्तर तेव्हाच सापडलेले आहे. केंद्राच्या सामाजिक सुरक्षा संहितेने अशा कंपन्यांनी उलाढालीच्या 1 ते 2 टक्के रक्कम निधीत द्यावी असे ठरवले. राजस्थानने 2023 मध्ये आणि कर्नाटकने 2025 मध्ये स्वतःचे कायदे केले. माथाडी कायदा देणाऱ्या महाराष्ट्राने यात मागे राहू नये. उलाढालीवरच्या मोघम टक्क्यांवर न थांबता प्रत्येक ऑर्डरमागे लेव्ही घ्यावी, तिची नोंद त्या मुलाला स्वतःच्या फोनवर दिसावी, ॲप बदलले तरी खाते तेच राहावे, आणि हात मोडून घरी बसलेल्या दिवसांचे पैसे त्या खात्यातून मिळावेत. हे चालवणाऱ्या मंडळावर मालकांइतक्याच जागा दुचाकीवर फिरणाऱ्यांच्या हव्यात.