पेंढ्याचं रेडकू

जनावराला मृत्यू कळतो का, यावर विद्वानांचा खल चालू आहे. चालू द्या. आपल्या गवळ्यांना उत्तर पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. रेडकू मेलं की म्हैस रेकते, वैरणीला तोंड लावत नाही, पान्हा चोरते. मग मेलेल्या रेडकाच्या कातड्यात पेंढा भरून ते तिच्यापुढे उभं करायचं. ती हुंगते, चाटते, पान्हा सोडते. आपण खालून धार काढायची. तिला काहीच वाटत नसतं, तर हा डाव चाललाच नसता.

‘ते नुसतं संप्रेरक हो!’ असं सांगणारे शहाणे मला भेटतात. खरंच आहे. वास आला, की मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटतं आणि दूध उतरतं. बाळाच्या रडण्याने तुमच्या आईला पान्हा फुटला, तोही त्यानेच. तिच्या मायेला मात्र कुणी रसायन म्हणत नाही.

आता पेंढा भरायचाही कंटाळा. ऑक्सिटोसिनची सुई टोचली की काम झालं. दूध वाढवण्यासाठी जनावराला अपाय करणारं इंजेक्शन देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या १२व्या कलमाखाली गुन्हा आहे. दंड हजार रुपयांपर्यंत. तेवढ्यात बारशाचे पेढेसुद्धा भागायचे नाहीत. कैद दोन वर्षांपर्यंत. ती झालेला माणूस मी तरी पाहिलेला नाही. एप्रिल २०१८ मध्ये केंद्राने या औषधाचं खासगी उत्पादन बंद करायची अधिसूचना काढली. बाळंतिणींचे जीव वाचवणारं औषध म्हणून दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबरात ती रद्द केली. योग्यच केलं. पण गोठ्यातली बाटली कोण अडवणार?

त्याच वर्षी टाहलेक्वा नावाच्या ऑर्का मादीने मेलेलं पिल्लू १७ दिवस समुद्रात वाहून नेलं आणि जग हळहळलं. आपल्याकडेही हुंदके फॉरवर्ड झाले. हळहळायला देवमासा फार सोयीचा. त्याचं दूध कुणाच्या चहात नसतं.

मी धारवाडजवळच्या बेलूरला राहतो. इथून रिकाम्या हाताने पाहुणा जात नाही. पिशवीत धारवाडी पेढा हवाच. भौगोलिक मानांकनाचा अभिमान सगळ्यांना आहे, पण त्या पेढ्यासाठी दूध देणाऱ्या म्हशीच्या नर रेडकाचं काय होतं, हे विचारत कुणी नाही. ट्रॅक्टर आला, टोणग्याचं काम संपलं. त्याला पाजलेलं दूध म्हणजे तोटा, डॉक्टर म्हणजे चैन. मग ते ‘आपोआप’ मरतं. आधी पोराला मरू द्यायचं आणि मग आईच्या शोकातून चरवी भरायची!

सगळेच गवळी असे नाहीत. आणि जे आहेत, त्यांना शिव्या देऊन सुटू नका. लिटरमागे रुपया वाढला की बोंब ठोकणारे आपणच. एक सड रेडकासाठी राखायचा, तर दुधाला चार पैसे जास्त पडतील. ते द्या. द्यायचे नसतील, तर ‘मुक्या जीवाची माया’ म्हणून व्हिडिओ पुढे ढकलू नका. ती माया आपण रोज लिटरच्या भावाने, घासाघीस करून विकत घेतो.