एक्स-रे साफ आला, मान दुखतेच आहे

मागच्या ऊस हंगामात नेवाशाहून लग्न उरकून आम्ही शेवगावला परतत होतो. पुढे उसाच्या ट्रॉल्या चालल्या होत्या. ड्रायव्हरने ब्रेक मारला आणि मागून पिकअप येऊन धडकली. डिकी चेपली, पण रक्ताचा थेंबही सांडला नाही. अल्लाहचे आभार मानून, डेंटिंगपुरते पैसे घेऊन रस्त्यावरच मिटवून टाकले. दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या सीटवर बसलेल्या भाभीची मान वळेना.

घरातल्यांनी तिला हाडे बसवणाऱ्या पहिलवानाकडे नेले. त्याने मान धरून झटका दिला. रात्री तिच्या उजव्या हाताला मुंग्या आल्या. मग नगर गाठले. एक्स-रेमध्ये हाड शाबूत निघाले आणि घरात कुजबुज सुरू झाली: सगळे साफ आहे, मग ही भाकरी थापायला का बसत नाही?

माझा आक्षेप या प्रश्नालाच आहे. मागून धडक बसली की सीट धडाला पुढे ढकलते, डोके मात्र क्षणभर जागीच राहते आणि मग चाबकासारखे मागे-पुढे फेकले जाते. म्हणूनच या दुखापतीला व्हिपलॅश म्हणतात. स्नायू, अस्थिबंध आणि मणक्यांमधले लहान सांधे ताणले जातात. एक्स-रे हाड दाखवतो, हा ताण दाखवत नाही. दुखणे कित्येकदा काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी सुरू होते. सोबत डोके दुखते, चक्कर येते, झोप लागत नाही. बरेच जण काही आठवड्यांत सावरतात, काहींचे दुखणे महिनोन्महिने चालते. ही नाटके नव्हेत. पण दुखणाऱ्या बाईला आपल्या घरात आधी पुरावा मागितला जातो, ही आपली जुनी सवय आहे.

मानेची इजा किती छुपी असते, हे आपल्या भागाने एकदा पाहिले आहे. 3 जून 2014 रोजी दिल्लीत गोपीनाथ मुंडे यांच्या गाडीला धडक बसली. ते मागच्या सीटवर होते, बेल्ट नव्हता. बाहेरून मोठी जखम दिसत नव्हती, आत मानेला आणि यकृताला जबर इजा झाली होती. शेजारच्या पाथर्डीत त्या दिवशी चूल पेटली नाही अशी घरे मला माहीत आहेत. तरीही आपण आजही मागच्या सीटवर बेल्ट लावत नाही.

अपघातानंतर हातापायाला मुंग्या किंवा अशक्तपणा, मणक्यावर दाबल्यास दुखणे, उलट्या, लघवीवरचा ताबा जाणे, यांपैकी काहीही दिसले तर मान हलवू न देता 108 ला फोन करा. मान कोणालाही ओढू किंवा मोडू देऊ नका. गंभीर इजा नाही असे डॉक्टरांनी सांगितल्यावर मात्र महिनाभर पट्टा बांधून पडून राहण्यात फायदा नाही. दुखणे सांभाळत मान हळूहळू हलवत राहणे, व्यायाम शिकून घेणे, यानेच बहुतेकांना उतार पडतो. सजद्यात मान दुखत असेल तर खुर्चीवर नमाज पढण्याची सवलत दीनने दिलीच आहे. सासूबाईंनीही भाकरीची सवलत द्यावी.

दुसरी चूक आम्ही रस्त्यावर केली. पोलिसांत नोंद नाही, दवाखान्यात अपघाताची नोंद नाही, म्हणजे हातात काहीच नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 खाली नुकसानभरपाई मागता येते, पण 2022 पासून त्यासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे. दुखणे उशिरा कळते, म्हणून नोंद लगेच करा. जखमीला मदत करणाऱ्याला पोलिसी त्रास होऊ नये म्हणून 2019 च्या दुरुस्तीने कलम 134अ आणले आहे. तेव्हा "आपण मुसलमान, नसत्या लफड्यात कशाला?" म्हणून गाडी पुढे काढू नका.

सीटची डोके टेकायची उशी डोक्याच्या उंचीला आणून ठेवा. आपण ती खाली दाबून ठेवतो, मग ती मानेला मागे जाण्यापासून अडवत नाही. बुरख्यावरूनही बेल्ट नीट बसतो, मी भाभीला लावून दाखवला आहे. गाडी चालवणारे, लग्नाची वरात नेणारे तुम्हीच आहात. सगळ्यांचे बेल्ट लागल्याशिवाय चावी फिरवू नका. आणि घरात कोणी मान धरून बसली असेल, तर आधी तिच्यावर विश्वास ठेवा.