दांड्या चार, तरी पिकाचा फोटो जाईना! शिवारात नेट अडतं कुठं?

विश्लेषण | जांब समर्थ, ता. घनसावंगी

ई-पीक पाहणी सुरू झाली की जांब समर्थच्या शिवारात काय, तालुक्यातल्या कुठल्याही शिवारात काय, एकच बोलणं ऐकू येतं: "रेंज तर दाखवतंय, पण फोटो जाईना." कपाशीत नाहीतर सोयाबीनमध्ये उभं राहून फोटो काढायचा, मोबाईलवर गोल चकरी फिरताना बघत बसायचं आणि शेवटी कंटाळून घरी यायचं.

हा प्रश्न रील बघण्याचा नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाईलवरून करायची, असं ठरलं. त्याआधी हे काम तलाठ्याचं होतं. नोंद झाली नाही तर सातबाऱ्यावर पीकपेरा कोरा राहतो. मग पीकविमा, नुकसानीचं अनुदान, हमीभाव केंद्रावरची नोंदणी, बँकेचं पीककर्ज, सगळीकडे अडचण येते. म्हणजे शिवारातलं नेट आता सातबाऱ्याशी जोडलं गेलंय. म्हणून ते नेमकं कुठं अडतं, हे समजून घ्यायला पाहिजे.

दांडी म्हणजे स्पीड नव्हे

मोबाईलवरच्या दांड्या एवढंच सांगतात की टॉवरचा आवाज तुमच्यापर्यंत किती जोरात पोहोचतोय. त्या टॉवरवर या घडीला किती लोक आहेत, हे त्या सांगत नाहीत. रामनवमीला जांब समर्थमध्ये भाविकांची गर्दी होते, तेव्हाचं उदाहरण घ्या. एका टॉवरचं नेट त्याच्यावरचे सगळे मोबाईल वाटून घेतात. गर्दी वाढली की प्रत्येकाच्या वाट्याला थोडं थोडंच येतं. दांड्या मात्र पूर्ण दिसतात. शिवाय किती सिग्नलला किती दांड्या दाखवायच्या, हे मोबाईल बनवणारी कंपनी आपलं आपण ठरवते. त्यामुळे एकाच बांधावर दोघांच्या फोनवर वेगवेगळ्या दांड्या दिसू शकतात.

येतं, पण जात नाही

व्हॉट्सॲपवरचा व्हिडिओ उघडतो, पण आपला फोटो जात नाही. याचं कारण साधं आहे. टॉवर कित्येक वॅटच्या ताकदीने बोलतो. आपला मोबाईल जास्तीत जास्त ०.२ वॅटच्या आसपास. टॉवर म्हणजे भोंगा आणि मोबाईल म्हणजे हळू आवाजात बोलणारा माणूस. भोंग्याचा आवाज लांबच्या वावरात येतो, पण वावरातून मारलेली हाक भोंग्यापर्यंत जात नाही.

आता हिशोब बघा. २ एमबीचा एक फोटो म्हणजे १६ मेगाबिट. अपलोडचा वेग ५ एमबीपीएस असेल तर तो तीन-चार सेकंदांत जातो. वेग १०० केबीपीएसवर आला तर १६० सेकंद लागतात, आणि ४० केबीपीएसवर जवळपास सात मिनिटं. तेवढ्यात एकदा जरी रेंज तुटली, तर फोटो अडकला. उभा ऊस, मोसंबीची दाट बाग यांतही सिग्नल कमी होतो, कारण पानांतलं पाणी तो शोषून घेतं.

लहरींचाही फरक आहे. ७००, ८५० आणि ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांबपर्यंत जातात. १८००, २३०० आणि ३५०० च्या लहरींत जास्त नेट मावतं, पण त्यांचा पल्ला कमी. म्हणून गावात नेट पळतं आणि दोन-तीन किलोमीटरवरच्या वावरात तेच रांगतं.

फोन जुना, टॉवर नवा

ऑगस्ट २००८ मध्ये आयफोन ३जी भारतात आला. ८ जीबीचा फोन ३१ हजार रुपयांना होता. पण तेव्हा खासगी कंपन्यांकडे ३जी नेटवर्कच नव्हतं. स्पेक्ट्रमचा लिलाव २०१० मध्ये झाला आणि त्यांची सेवा त्या वर्षाच्या शेवटी सुरू झाली. तोपर्यंत ३जी नाव असलेला फोन २जीच्या वेगानेच चालला.

पुढं उलटं झालं. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, तेही फक्त ४जी घेऊन. २०१९ पासून एअरटेलने ३जी टप्प्याटप्प्याने बंद केलं, नंतर व्होडाफोन-आयडियानेही तोच रस्ता धरला. त्या लहरी ४जीला वापरल्या. त्यामुळे घरातला ३जीचा जुना स्मार्टफोन या नेटवर्कवर थेट २जीवर येतो. फोनमध्ये काही बिघाड नसतो, पण त्याची भाषा बोलणारा टॉवरच उरलेला नसतो.

जुन्या ४जी फोनचंही सगळं ठीक असेल असं नाही. बीएसएनएलचं नवं ४जी ७०० मेगाहर्ट्झवरही चालतं. ही लहर पकडणारा बँड २८ अनेक जुन्या फोनमध्ये नाही. फोनमध्ये व्होल्टी नसेल किंवा बंद असेल, तर कॉल आला की फोन खालच्या नेटवर्कवर उतरतो आणि चालू असलेलं अपलोड तुटतं. म्हणून ५जी लिहिलेला फोन घेण्याआधी दुकानदाराला बँड विचारा, आणि आपल्या वावरात कोणत्या कंपनीचं काय पोहोचतं ते बघा.

मोजणी गावाची, काम शिवारात

खरी मेख इथं आहे. जुलै २०२२ मध्ये केंद्राने ४जी सगळीकडे पोहोचवायची योजना मंजूर केली: २६,३१६ कोटी रुपये, नेटवर्क नसलेली २४,६८० गावं. योजना चांगली आहे, पण यादी गावांची आहे. गावठाणात रेंज आली की गाव नेटवर्कमध्ये आलं असं धरलं, तर त्याच गावचं शिवार कोरडं राहू शकतं. आणि पिकाचा फोटो गावठाणात बसून काढता येत नाही, शेतातच उभं राहावं लागतं. शासनाला नोंद शिवारातून पाहिजे असेल, तर नेटही शिवारातच मोजलं गेलं पाहिजे. त्याशिवाय ॲप चांगलं की वाईट, या वादाला अर्थ नाही.

आपल्या हातात काय?

एक, फोटो आणि अपलोड वेगळं करा. शेतात फोटो काढून माहिती मोबाईलमध्ये साठवा आणि चांगल्या रेंजमध्ये येऊन पाठवा. शेवटच्या दिवसाची वाट बघू नका. शेतकऱ्यांची मुदत निघून गेली तर सहाय्यकामार्फत नोंद होते का, ते ग्राम महसूल अधिकाऱ्यांना लगेच विचारा.

दोन, नकाशा बघा. ट्रायच्या नियमांमुळे १ एप्रिल २०२५ पासून प्रत्येक कंपनीला कुठं २जी, ४जी, ५जी मिळतं याचा नकाशा आपल्या वेबसाईटवर द्यावा लागतो. पोर्ट करण्याआधी त्यात आपला गट शोधा.

तीन, पुरावा ठेवा. ट्रायच्या मायस्पीड ॲपने गावठाणात एकदा आणि वावरात एकदा चाचणी घ्या. डाउनलोडपेक्षा अपलोडचा आकडा बघा. २०२३ पासून ब्रॉडबँड म्हणायला किमान २ एमबीपीएस वेग लागतो, हे लक्षात ठेवा.

चार, तक्रार नोंदवा. कंपनीच्या १९८ नंबरवर फोन करून तक्रार क्रमांक घ्या. समाधान झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. ट्राय एकेकट्याची तक्रार सोडवत नाही.

पाच, ग्रामसभेत ठराव घ्या. "रेंज नाही" एवढंच लिहिलं तर कागद फिरत राहतो. कोणत्या गटात, कोणत्या कंपनीचं, किती वाजता, किती अपलोड मिळालं, असं पंधरा-वीस शेतकऱ्यांचं टिपण जोडून तहसील आणि जिल्हाधिकारी कार्यालयाला दिलं, तर त्याला उत्तर द्यावं लागेल.

टॉवर वाढणं आपल्या हातात नाही. पण कोणत्या वावरात फोटो जात नाही, याची यादी आपल्याशिवाय दुसरं कोणी करणारही नाही.