ई-मेलचे सहा गठ्ठे

कार्यालयीन ई-मेलच्या पुराचा विषय निघाला की चर्चा हमखास दोन दिशांना जाते. अधिकाऱ्याने स्वतःला शिस्त लावून घ्यावी, ही एक. एखादे चांगले सॉफ्टवेअर घ्यावे, ही दुसरी. मला दोन्ही उपाय अपुरे वाटतात. अमेरिकेतील मर्लिन मान यांनी २००६-०७च्या सुमारास मांडलेली ‘इनबॉक्स झिरो’ ही कल्पना जगभर गाजली. खासगी व्यक्तीसाठी ती ठीकच आहे. परंतु शासकीय पेटीतील पत्र त्या अधिकाऱ्याचे नसतेच, ते अभिलेख असते. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मधील ‘माहिती’च्या व्याख्येत ई-मेलचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि सार्वजनिक अभिलेख अधिनियम, १९९३ अन्वये केंद्र शासनाचे अभिलेख मनास येईल तेव्हा नष्ट करता येत नाहीत. पेटी रिकामी करणे म्हणजे निपटारा नव्हे.

मग बिघडले कोठे? माझ्या मते, आपण टपाल संगणकावर आणले आणि बारनिशी मात्र मोडून टाकली. महाराष्ट्रातील महसूल खात्याशी संबंध आलेल्या वाचकांना बारनिशी शाखा आठवत असेल. आलेला प्रत्येक कागद तेथे थांबे, फोडला जाई, त्यावर शिक्का व क्रमांक पडे आणि मगच तो संबंधित टेबलाकडे जाई. रायपूरच्या हिंदी कार्यालयांतही ‘आवक-जावक’ हे शब्द जसेच्या तसे चालतात. १९५६ पर्यंत येथील कारभार नागपूरहून चालत असे, त्याचा यात किती वाटा आहे हे भाषातज्ज्ञांनी सांगावे. ई-मेलने हा उंबरठाच काढून टाकला. आता मंत्रालयाचे तातडीचे पत्र, प्रशिक्षणाचे निमंत्रण, एखाद्या सहकाऱ्याच्या निरोप समारंभाची सूचना आणि नागरिकाची तक्रार एकाच रांगेत, एकाच आकाराच्या अक्षरांत उभी असतात.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात दुसरीही एक गोष्ट दिसते. टंकलेखन यंत्राच्या काळात कार्बन लावून पाच-सहा प्रती काढल्या की शेवटची प्रत वाचता येत नसे. ‘प्रत माहितीस्तव’ कोणाला पाठवायची याला त्या कार्बननेच मर्यादा घातली होती. आज शंभर जणांना प्रत पाठविण्याचा खर्च शून्य आहे. म्हणजे पाठविणाऱ्याचा शून्य. वाचणाऱ्या शंभर जणांची मिनिटे कोणाच्याच हिशेबात धरली जात नाहीत. हर्बर्ट सायमन यांनी १९७१ मध्येच दाखवून दिले होते की माहिती विपुल झाली की लक्ष दुर्मिळ होते. आपल्याकडे तर प्रत पाठविणे ही स्वसंरक्षणाची रीत झाली आहे. उद्या काही बिनसले तर ‘आपणांस कळविले होते’ असे म्हणता यावे, एवढ्यासाठी ती पाठविली जाते.

याची किंमत कोण मोजतो, याचे एक उदाहरण देतो. येथील एका मराठी कुटुंबातील वृद्ध बाई केंद्रीय कुटुंब निवृत्तिवेतनधारक आहेत. वयाची ८० वर्षे पूर्ण झाल्यावर मूळ निवृत्तिवेतनात २० टक्के वाढ मिळते. परंतु त्यांच्या निवृत्तिवेतन आदेशात जन्मतारीखच नोंदलेली नव्हती. पुण्याच्या मुलाने पुराव्यासह ई-मेल पाठविला, विषयाच्या जागी फक्त ‘विनंती’ असे लिहून. सात महिन्यांत चार ई-मेल गेले. एका कार्यालयाच्या पेटीत ते चारही न उघडलेले सापडले, परिपत्रकांच्या आणि माहितीस्तव प्रतींच्या खाली. ती विनंती कोणीही नाकारली नव्हती. नाकारली असती तर निदान अपील तरी करता आले असते.

यावरचा उपाय आपल्या घरातच आहे. १९८०च्या दशकाच्या प्रारंभी अहमदनगरचे (आताचे अहिल्यानगर) जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कार्यालयीन कामकाजाची जी फेरमांडणी केली, ती ‘लखिना पॅटर्न’ म्हणून प्रसिद्ध झाली. तिच्याशी जोडली गेलेली सहा गठ्ठ्यांची पद्धत महाराष्ट्रातील अव्वल कारकुनाला तोंडपाठ असते: प्रलंबित, प्रतीक्षाधीन, नियतकालिके, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवावयाची प्रकरणे आणि नष्ट करावयाचे कागद. ई-मेलच्या पेटीत हेच सहा कप्पे करता येतात. मासिक विवरणपत्रांची मागणी नियतकालिकांत जावी. परिपत्रक स्थायी आदेशांत जावे, म्हणजे ते कोणाच्या तरी पेटीत शोधत बसावे लागणार नाही. मला सर्वांत मोलाचा वाटतो तो प्रतीक्षाधीन गठ्ठा. आपण उत्तर दिले, आता चेंडू दुसऱ्याकडे आहे, अशी प्रकरणे ई-मेलमध्ये सर्वांत आधी विस्मरणात जातात, कारण आपल्या बाजूने ती ‘झालेली’ दिसतात. कागदाच्या काळात ठरलेल्या दिवशी तो गठ्ठा सोडला जाई व स्मरणपत्र निघे.

यासोबत पेटी पदनामाची हवी, व्यक्तीच्या नावाची नव्हे. शासन दोन्ही प्रकारचे पत्ते देते. पण बदली झाली की नावाच्या पेटीतील प्रलंबित प्रकरणे अधिकाऱ्याबरोबर निघून जातात आणि नवा माणूस कोऱ्या पाटीवर बसतो.

२०२१ पासून दरवर्षी २ ते ३१ ऑक्टोबर या काळात केंद्रीय कार्यालयांत प्रलंबित प्रकरणे निकाली काढण्याची विशेष मोहीम असते. जुन्या संचिका निघतात, भंगार विकले जाते, मोकळ्या झालेल्या जागेचे चौरस फूट कळविले जातात. मोहीम चांगलीच आहे. पण न वाचलेला ई-मेल जागा अडवीत नाही, म्हणून तो कोणाच्या डोळ्यांत खुपत नाही. मासिक गोषवाऱ्यात एक रकाना वाढवावा: नागरिकांकडून आलेले व सात दिवसांत न उघडलेले ई-मेल किती? महाराष्ट्राच्या २००५ च्या विलंब प्रतिबंधक कायद्यात सर्वसाधारण संचिकेला सात कामकाजाच्या दिवसांची मुदत आहे. ई-मेलला त्याहून अधिक सवलत देण्याचे कारण दिसत नाही.

मनुष्यबळ कोठून आणायचे, हा आक्षेप मला अनेकदा ऐकावा लागतो. टपाल फोडणारा लिपिक गेला तेव्हा त्याचे काम संपले नव्हते. ते कार्यालयातील सर्वाधिक पगाराच्या माणसाकडे गेले आणि त्याच्या सकाळचा पहिला तास खाऊ लागले. गोपनीय पत्रव्यवहार वगळून बाकीची पेटी एका प्रशिक्षित लिपिकाने रोज दोनदा उघडावी, क्रमांक द्यावा व सहा गठ्ठ्यांत लावावी. ज्या छोट्या कार्यालयांत असा माणूस नाही, त्यांनी दोघा-तिघांत मिळून एक बारनिशी चालवावी. नवा रायपूर येथील इंद्रावती भवनात राज्याच्या अनेक विभागप्रमुखांची कार्यालये एकाच छताखाली आहेत. सुरुवात तेथूनही करता येईल.